उंची, वेग आणि गोष्ट : थीम पार्कच्या राइड्स

थीम पार्कमध्ये राइड एकटी उभी नसते. एखादा काळ, एखादा प्रदेश किंवा एखादी गोष्ट निवडली जाते. रस्ते, इमारती, संगीत, खाण्याचे पदार्थ, कर्मचाऱ्यांचे पोशाख हे सारे तिच्याभोवती रचले जाते आणि त्या गोष्टीतला एक प्रसंग म्हणून राइड बांधली जाते. अशी कल्पना नसेल, नुसते पाळणे आणि फिरत्या खुर्च्या असतील, तर ते मनोरंजन उद्यान. पाण्याच्या घसरगुंड्या आणि लाटांचे तलाव असतील तर वॉटर पार्क. महाराष्ट्रात हे तिन्ही प्रकार आहेत, कित्येकदा एकाच आवारात.

राइड्सचे मूळ जत्रेत आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६१५ मध्ये इस्तंबूलमध्ये रमजानच्या दिवसांत माणसांनी हातांनी फिरवायचे मोठे उभे चाक पाहिले, त्यात बसून पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. हाच प्रवासी पुढे सुरत आणि गोव्यालाही आला होता. त्या लाकडी चाकाचे पोलादी रूप १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात उभे राहिले. जॉर्ज फेरिस या अभियंत्याने बांधलेला तो आकाशपाळणा सुमारे ८० मीटर उंच होता. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत. आपल्याकडच्या उरुसांत आणि जत्रांत उभा राहतो तो आकाशपाळणा याच घराण्यातला. टोराटोरा, कोलंबस, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन ही जत्रेतली मंडळीही थीम पार्कमध्ये भेटतात, फक्त नाव आणि पोशाख बदलून.

रोलर कोस्टरचा उगम वेगळा आहे. रशियात हिवाळ्यात लाकडी चौकटीवर पाणी ओतून बर्फाचे उतार तयार करीत आणि लोक त्यांवरून घसरत. चाके आणि रूळ नंतर आले. अमेरिकेत लामार्कस थॉम्पसन याने १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर पाच सेंटांत बसायची गाडी सुरू केली. ती ताशी जेमतेम दहा किलोमीटर वेगाने जात असे, तरीही तिच्यासाठी रांगा लागत.

या सगळ्याला ‘सहकुटुंब’ हे विशेषण जोडले ते वॉल्ट डिस्नी यांनी. आपल्या मुली लॉस एंजलिसमधल्या एका बागेत गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि आपण बाकावर बसून राहत असू, तेव्हा मोठ्यांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी असे वाटले, असे ते सांगत. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नीलँड सुरू झाले. डिस्नी यांच्या आधीही परीकथांवर बेतलेल्या बागा होत्या. नेदरलँड्समधील एफ्टेलिंगचे परीकथांचे रान १९५२ मध्येच खुले झाले होते. डिस्नीलँडने दिली ती मांडणी. एकच प्रवेशद्वार, त्यातून जाणारा एक मुख्य रस्ता, त्याच्या टोकाला दुरून दिसणारा किल्ला आणि तिथून वेगवेगळ्या प्रदेशांकडे फुटणाऱ्या वाटा. माणूस चुकत नाही आणि पुढे काय आहे याची ओढ राहते. जगातल्या बहुतेक थीम पार्कांचा नकाशा आजही याच धर्तीचा असतो.

मुलांसाठी गोष्ट उभी करण्याची हौस आपल्याकडेही त्याच काळातली. मुंबईच्या मलबार हिलवरील कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आणि पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ मध्ये धावू लागलेली फुलराणी यांना राइड म्हणणे थोडे मोठे वाटेल. पण बुटाच्या खिडकीतून डोकावणे आणि छोट्या गाडीतून बागेला फेरी मारणे यांत गोष्ट आणि प्रवास ही थीम पार्कची दोन्ही अंगे आहेत. दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत या जागा टिकल्या, त्याचे कारणही तेच असावे.

यांत्रिक राइड्सचे मोठे उद्यान देशात आले १९८४ मध्ये, दिल्लीच्या अप्पू घरच्या रूपाने. दोन वर्षांपूर्वीच्या आशियाई क्रीडास्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या हत्तीचे नाव त्याला मिळाले होते. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आले, नंतर १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम. बोटीने खाडी ओलांडून तिथे जाणे हा शाळेच्या सहलीचा निम्मा आनंद होता. कोलकात्यात निक्को पार्क, कोचीत पुढे वंडरला या नावाने वाढलेले वीगालँड अशी उद्याने होत गेली. शिर्डीत तर साईतीर्थ हे भक्तीच्या विषयावरचे थीम पार्क आहे. यात्रेला आलेल्या कुटुंबाचा अर्धा दिवस तिथे जातो.

रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका हे थीम पार्क या शब्दाला पूर्ण उतरणारे महाराष्ट्रातले उदाहरण. अ‍ॅडलॅब्स या चित्रपट कंपनीचे मनमोहन शेट्टी यांनी उभारलेले हे पार्क २०१३ मध्ये सुरू झाले. पुढे वॉटर पार्क आणि बर्फाचे दालन जोडले गेले आणि २०२२ मध्ये त्याची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. चित्रपटाच्या धंद्यातल्या माणसाने पार्क काढले, ही बाब तिथे जागोजागी जाणवते. ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ च्या चित्रपटावर बेतलेली हलत्या आसनांची राइड, सलीमगढची अंधारी भुताटकी, अलिबाबाच्या गुहेत बसल्या जागेवरून नेम धरायचा खेळ हे सारे पडद्यावरच्या कथा सांगायच्या सवयीतून आले आहे. राजासॉरसच्या नावाची होडीची राइड विशेष सांगण्यासारखी. राजासॉरस हा कुणाच्या कल्पनेतला प्राणी नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी या मांसाहारी डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्यातून जाताना अंगावर धावून येणारा तो प्राणी एके काळी खरोखर या भूमीवर वावरत होता, हे मुलांना आधी सांगितले तर होडीत बसताना त्यांचे डोळे वेगळेच होतात.

पार्कातल्या राइड्सचे ढोबळ चार वर्ग करता येतात. रुळांवरून धावणारे कोस्टर हा पहिला. दुसरा, एका जागी राहून फिरणाऱ्या, झुलणाऱ्या किंवा वरून खाली सोडणाऱ्या यंत्रांचा. तिसरा, अंधाऱ्या दालनांतून गाडी किंवा होडी नेत गोष्ट दाखवणाऱ्या राइड्सचा. चौथा, पडदा आणि हलती आसने यांच्या जोरावर प्रवासाचा भास निर्माण करणाऱ्यांचा. पाण्याच्या घसरगुंड्या वेगळ्या धरल्या तर बहुतेक सगळे यांत बसते.

कोस्टरचे यंत्र समजायला इमॅजिकाचा ‘नायट्रो’ घेता येईल. स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबिलार्ड कंपनीचा हा कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे, त्यात पाच वेळा माणूस उलटा होतो आणि आसनांखाली तळ नसल्यामुळे पाय मोकळे लोंबकळतात. गाडीला इंजिन नसते. रुळांमधली साखळी तिला पहिल्या, सर्वांत उंच चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचे सगळे गुरुत्वाकर्षणावर. उंचीमुळे मिळालेली ऊर्जा उतारावर वेगात बदलते, पुढच्या चढावर पुन्हा थोडी उंचीत साठते. घर्षण सोडले तर ४० मीटरवरून खाली आलेली गाडी तळाशी ताशी सुमारे १०० किलोमीटरचा वेग गाठते, मग आत चार माणसे असोत की पूर्ण भरलेली असो. प्रत्यक्षात हवेचा आणि चाकांचा अडथळा असतोच, म्हणून पुढचा प्रत्येक चढ आधीच्यापेक्षा बुटका ठेवावा लागतो. भरलेली गाडी रिकामीपेक्षा किंचित वेगाने जाते आणि दुपारी वंगण तापल्यावर सकाळपेक्षा मोकळी धावते. काही कोस्टरमध्ये चढच नसतो. इमॅजिकाच्याच ‘डीप स्पेस’मध्ये विद्युत्-चुंबकीय मोटरी गाडीला अंधारात एकदम पुढे फेकतात.

उलटी झाल्यावर गाडी खाली का पडत नाही, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते. चाके रुळाला तीन बाजूंनी धरतात, हे त्याचे पहिले उत्तर. वरची चाके भार पेलतात, बाजूची वळणावर सांभाळतात आणि रुळाच्या खालून बसवलेली तिसरी जोडी गाडीला वर उचलू देत नाही. ही खालची चाके अमेरिकी रचनाकार जॉन मिलर यांनी १९१९ च्या सुमारास रूढ केली आणि त्यानंतरच तीव्र उतार बांधण्याचे धैर्य लोकांना झाले. दुसरे उत्तर वेगात आहे. गोल वळणावर गाडी पुरेशा वेगात असेल तर उलट्या माणसालाही आसनच आपल्याला दाबते आहे असे वाटते, खांद्यावरच्या पट्ट्याला लटकल्यासारखे वाटत नाही.

वळणाचा आकार इथे कळीचा ठरतो. कोनी आयलंडवर १८९५ मध्ये पूर्ण वर्तुळाकार वळणाचा कोस्टर बांधला गेला आणि लोकांच्या माना दुखावल्या. कारण साधे आहे. उभ्या माणसाला पृथ्वी जेवढ्या जोराने ओढते तेवढ्याला एक जी म्हटले, तर वर्तुळाकार वळणाच्या माथ्यावर गाडी जेमतेम टिकेल एवढ्या वेगात सोडली तरी तळाशी माणसाला सहा जी सोसावे लागतात. पन्नास किलोंच्या माणसाला तीनशे किलोंचे ओझे अंगावर आल्यासारखे वाटते. म्हणून आजचे वळण गोल नसते. तळाशी पसरट आणि माथ्यावर आवळलेले, उलट्या अश्रूसारखे असते. जर्मनीचे आंतोन श्वार्त्सकोफ आणि वेर्नर श्टेंगल यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कोस्टरवर हा आकार यशस्वी केला आणि उलटे होणे सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

चढाच्या माथ्यावरून खाली येताना पोटात गोळा येतो, तो गुरुत्वाकर्षणाचाच खेळ. त्या क्षणी शरीर आणि आसन एकाच वेगाने खाली येत असतात, आसनाचा आधार जाणवत नाही आणि पोटातले सैलसर अवयव किंचित वर सरकतात. हा अनुभव पुढच्या आणि मागच्या आसनांवर सारखा नसतो. पुढे बसलेला माथा सावकाश ओलांडतो आणि समोरचा उतार पाहत लटकतो. मागच्याला मात्र पुढच्या डब्यांचे वजन ओढून घेते आणि तो माथ्यावरून वेगात खेचला जातो. दिसण्याची भीती वाटत असेल तर मागे बसावे आणि फेकले जाण्याची वाटत असेल तर पुढे किंवा मधे. प्रथमच बसणाऱ्यासाठी मधली रांग सर्वांत सौम्य.

चक्कर आणि मळमळ यांचे मूळ कानात असते. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव डोके फिरले की हलतो आणि मेंदूला फिरण्याची खबर देतो. फिरणे थांबले तरी द्रव काही क्षण हलत राहतो, म्हणून टोराटोरातून उतरल्यावर जमीन फिरते. पडद्यावरच्या राइडमध्ये उलटे घडते. डोळे सांगतात की विमान दरीत झेपावले आणि कान सांगतात की खुर्ची जागच्या जागी हलते आहे. दोन खबरा जुळल्या नाहीत की मळमळते. कोस्टरवर नजर पुढच्या रुळावर ठेवली तर त्रास कमी होतो, कारण मेंदूला वळणाची आधीच कल्पना येते. पडद्यासमोर मळमळू लागले तर क्षणभर डोळे मिटून घ्यावेत. सहा-सात वर्षांपासून किशोरवयापर्यंतच्या मुलांना हा त्रास तुलनेने अधिक होतो. चाळिशीनंतर गोल फिरण्याची सहनशक्ती पुन्हा घटते. आजी कोस्टरवर बसेल पण फिरत्या कपात बसणार नाही म्हणाली, तर तिचे बरोबर आहे.

अंधाऱ्या राइड्सना वेगाची गरज नसते. गाडी ताशी चार-पाच किलोमीटरने सरकते आणि तरी मुले आईचा हात सोडत नाहीत. या राइड्सची तंत्रे बरीच जुनी आहेत. काचेच्या तिरक्या पडद्यावर बाजूच्या माणसाचे प्रतिबिंब पाडून हवेत भूत उभे करण्याची युक्ती लंडनच्या रंगभूमीवर १८६२ मध्ये गाजली होती आणि आजही भुताच्या राइडमध्ये तीच वापरतात. गाडी नेमकी कुठे वळवायची म्हणजे दृश्य एकदम समोर येईल, मागचा आवाज पुढच्या दालनात कसा पोहोचू द्यायचा नाही, याचा हिशेब सेकंदांत केलेला असतो. तीन पिढ्या एका बाकावर बसू शकतात अशी ही पार्कातली बहुधा एकमेव जागा. वेगाच्या राइड्सची जाहिरात मोठी होते, पण कुटुंबाच्या सहलीचा कणा या सावकाश राइड्सच असतात.

उंचीच्या अटीवरून प्रवेशद्वारापाशी अनेक घरांत रुसवेफुगवे होतात. १२० किंवा १४० सेंटिमीटरची ती रेघ धीट-भित्रेपणाशी संबंधित नसते. खांद्यावरचा पट्टा, मांडीवरचा दांडा आणि आसनाची पाठ यांच्यात विशिष्ट मापाचे शरीर घट्ट बसेल असे गणित केलेले असते. त्याहून लहान मूल त्या फटीतून सरकू शकते. चवड्यांवर उभे करून किंवा जाड तळव्याचे बूट घालून मुलाला रेघेपर्यंत पोहोचवणे म्हणजे त्या गणितातून त्याला बाहेर काढणे. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मणक्याचा किंवा मानेचा त्रास, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांची सूचना फलकावर असते ती अशाच कारणांनी. ओढ आणि झटके यांत रक्तदाब आणि नाडी काही सेकंदांत चढते.

सुरक्षेची खरी व्यवस्था प्रवाशाला दिसत नाही. कोस्टरचा मार्ग रेल्वेसारखा टप्प्यांत विभागलेला असतो आणि पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी सोडली जात नाही. हा निर्णय संगणक घेतो. शेवटच्या ब्रेकमध्ये बहुधा चुंबक असतात. धातूची पट्टी त्यांच्यामधून गेली की तिच्यात वीजप्रवाह निर्माण होतो आणि तोच तिला रोखतो. त्यासाठी बाहेरची वीज लागत नाही, म्हणून वीज गेली तरी गाडीचा वेग घटतो. चढावर ऐकू येणारी टकटक ही गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खुंट्यांची असते. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये १९७२ मध्ये चढावर ओढणारी दोरी तुटली, मागे घसरणारी गाडी थांबली नाही आणि पाच मुलांचा मृत्यू झाला. रोज सकाळी प्रेक्षक येण्याआधी रिकामी गाडी सोडून, बोल्ट, वेल्डिंग आणि पट्टे तपासण्याचा कंटाळवाणा परिपाठ असल्या आठवणींवर उभा आहे.

अहमदाबादच्या कांकरिया तलावापाशी जुलै २०१९ मध्ये झुलणाऱ्या राइडचा दांडा तुटून दोघांचा जीव गेला. धातूत वारंवारच्या ताणाने सूक्ष्म भेगा पडतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून राइडचे वय, तपासणीची नोंद आणि परवाना यांना महत्त्व आहे. जत्रेतल्या पाळण्यांबाबत जोखीम आणखी एक असते. ते गावोगाव उभारले आणि उतरवले जातात आणि प्रत्येक जोडणीत चुकीला जागा राहते. पाया समतल आहे का, खाली फळ्यांचे तुकडे कोंबून कोन साधला आहे का, पाळण्याच्या दाराला खीळ आहे का, चालवणारा प्रत्येकाचा दांडा हाताने हलवून पाहतो का, एवढे सामान्य माणसालाही पाहता येते. यांत कमी दिसले तर मुलाचा हट्ट मोडावा.

कपड्यांचा विचार आपल्याकडे जास्तच करावा लागतो. साडीचा पदर, ओढणी आणि मोकळे लांब केस फिरत्या भागात अडकू शकतात. गो-कार्टच्या मागच्या चाकाच्या आसात केस गुंतून जीव गेल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. केस घट्ट बांधून कपड्याच्या आत घ्यावेत, ओढणी काढून ठेवावी, चष्म्याला दोरी लावावी, मोबाइल खिशात न ठेवता लॉकरमध्ये ठेवावा. शंभराच्या वेगाने सुटलेला फोन खाली उभ्या असलेल्या माणसाला इजा करतो. वॉटर पार्कमध्ये नायलॉनचे पोहण्याचे कपडे सक्तीचे असतात. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, घसरगुंडीच्या सांध्यांत अडकतो आणि त्याचे धागे गाळणीत जाऊन बसतात.

दिवसाची आखणी करताना गर्दीचा स्वभाव ध्यानात घ्यावा. दार उघडल्यावर पहिला तासभर मोठ्या कोस्टरवर रांग कमी असते आणि पोटही हलके असते. अकरानंतर रांगा वाढतात, तेव्हा छताखालच्या, थंड हवेच्या अंधाऱ्या राइड्स घ्याव्यात. जेवणानंतर निदान तासभर फिरत्या राइड्स टाळाव्यात. कोकणपट्टीतल्या पार्कांत एप्रिल-मेमध्ये दमट उन्हाने मुले पटकन थकतात आणि घाम गेल्यावर नुसते पाणी पुरत नाही. लिंबू-सरबत किंवा क्षार-साखरेचे पाणी लागते. लहान मूल बरोबर असेल तर आई-वडिलांनी आळीपाळीने राइड घ्यावी. दुसऱ्याला पुन्हा रांगेत उभे न करता सोडण्याची सोय काही पार्कांत असते, ती विचारून घ्यावी. मूल ऐनवेळी नको म्हणाले तर बहुतेक राइड्सना गाडीत बसण्याआधी बाहेर पडायची वाट ठेवलेली असते. ढकलून बसवलेले मूल पुढची काही वर्षे त्या राइडकडे फिरकत नाही.

मुले हरवतात ती बहुधा राइडच्या बाहेर पडण्याच्या दारापाशी, कारण चढायचे आणि उतरायचे दार वेगवेगळे असते. आत जाण्यापूर्वीच बाहेर कुठे भेटायचे ते ठरवावे आणि लहान मुलाच्या खिशात पालकांचा फोन क्रमांक लिहून ठेवावा.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या पार्कांत गर्दी कमी आणि हिरवळ भरपूर असते, पण विजा चमकू लागल्या किंवा वारा वाढला की उंच राइड्स थांबवतात. त्या पुन्हा कधी सुरू होतील हे हवेवर ठरते. अशा दिवशी तिकिटाचे पैसे परत मिळतात की पुढच्या भेटीची सवलत मिळते, हे प्रत्येक पार्कचे नियम वेगळे असल्याने तिकीट काढण्याआधी वाचून घ्यावे.